उभ्या गाडीतली थंडी

“गुरुवारी गाडी मी नेतो. संपला विषय.”

“कोणत्या लायसनवर?”

“बावीस वर्षं सावनेरच्या लाइनीवर काळीपिवळी हाकली मी. अन् तू मले लायसन विचारून राह्यली!”

“मी कुठं विचारून राह्यली? चौकातला पोलीस विचारीन.”

“अन् त्या म्हाताऱ्या बाईले थंडीनं काही झालं, तं तुयावाला पोलीस येईन का उत्तर द्याले? तुले गाडी चालवता येते रोशनी, मी नाई म्हणत नाई. पण उभी ठेवता येत नाई.”

“उभी ठेवाले काय यावं लागते बाप्पा? ब्रेक दाबला का राह्यते उभी!”

“हेच. हेच तं चुकते तुयं.”

मंगळवारची सकाळ, आठ वाजत आलेले. मनीषनगरच्या मागच्या गल्लीतल्या त्या एवढ्याशा अंगणात पांढरी गाडी उभी होती, इंजिन चालू होतं आणि ड्रायव्हरच्या सीटवर धम्मानंद बसला होता. एक पाय आत, एक पाय बाहेर, गाडी आपली असल्यासारखा आणि नसल्यासारखाही. त्याची बायको रोशनी पलीकडच्या दारातून आत वाकून हीटरच्या जाळीपुढे तळहात धरून उभी होती.

“काय येऊन राह्यलं?”

“थंड.”

“आता?” धम्मानंदनं ॲक्सिलरेटर दाबून धरला. इंजिन गुरगुरलं, शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. पंधरा-वीस सेकंद गेले आणि जाळीतून ऊब यायला लागली, चुलीपुढे बसल्यासारखी.

“गरम,” रोशनी म्हणाली. म्हणावंच लागलं.

“अन् आता?” त्यानं पाय काढला. इंजिन खाली बसलं, बारीक चालीवर फुरफुरत राहिलं. ऊब हळूहळू ओसरली आणि मग जाळीतून माठावरून आल्यासारखी हवा येऊ लागली.

“थंड.”

“झालं मंग! माया पायानं गरम, तुया पायानं थंड. गाडीत खराबी नाई. ड्रायव्हरमधी हाय.”

रोशनीनं हात मागे घेतला आणि तळव्याकडे बघत राहिली. नवऱ्याचं म्हणणं खोटं होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. नेमकं कुठे खोटं होतं, ते मात्र सापडत नव्हतं. हवा गरम झाली होती, तिच्या हातावर झाली होती. आता या हाताला काय सांगायचं?

नागपुरात गाडीचा हीटर बिघडला म्हणून कुणी रडतं, हे बाहेरगावच्या माणसाला पटत नाही. हे गाव सेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्रीसाठी प्रसिद्ध. पण डिसेंबरच्या शेवटाला इथली पहाट सात-आठ डिग्रीवर येते, आणि रोशनीच्या गाडीत जी बाई बसायची तिला तर भर दुपारीही हुडहुडी भरायची. ती बाई म्हणजे यमुताई. महानगरपालिकेच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकाहत्तर, दोन्ही किडन्या थकलेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला घरून निघायचं, रामदासपेठेतल्या डायलिसिसच्या केंद्रात चार तास पडून राहायचं, आणि बाहेर यायचं ते दात वाजवत. “रक्त यंत्रातून फिरून येतं ना, ते थंडी बरोबर घेऊन येतं,” असं त्या म्हणायच्या, वर्गात समजावून सांगावं तसं.

त्याच शाळेत रोशनीनं अकरा वर्षं खिचडी शिजवली होती. तेव्हा धम्मानंदची काळीपिवळी जीप जोरात होती. सीताबर्डीहून सावनेर, सावनेरहून सीताबर्डी. अकरा माणसं आत आणि दोन लटकलेली. पुढे जीप विकून त्यानं ही पांढरी गाडी घेतली, आणि वर्षभरात साखरेनं त्याच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. लायसन पुन्हा मिळालं नाही. डावा शाबूत होता. एका डोळ्यावर दुनिया चालवून दाखवतो, असं तो म्हणायचा. आरटीओला ते पटलं नाही.

मग त्रेचाळिसाव्या वर्षी रोशनी गाडी शिकली, नवऱ्याकडूनच. मैदानात खिचडीचे चार रिकामे डबे उभे करून तो तिला त्यांच्या मधून गाडी काढायला लावायचा, आणि डबा पडला की स्वतःचा पाय मोडल्यासारखा ओरडायचा. शिकवलं मात्र चांगलं. बाकीची गिऱ्हाइकं धम्मानंदच्या ओळखीची, “भाऊ नाई आले का?” असं विचारत मागच्या सीटवर बसणारी. यमुताई तेवढ्या रोशनीच्या. त्यांनी फोन तिला केला होता. “रोशनी, मला न्यायला तूच ये. तुझ्या हातची खिचडी कधी करपली नाही, गाडीही नीटच चालवशील,” असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ते वाक्य रोशनीनं वर्षभर मनात जपून ठेवलं होतं.

आणि त्याच यमुताई काल, सोमवारी, केंद्राच्या दारात गाडीत बसून म्हणाल्या होत्या, “रोशनी, ही हवा बंद कर. ही माझी उरलीसुरली ऊबसुद्धा घेऊन चाललीय.”

“बाई, चालत्या गाडीत गरम होती ना?”

“होती. पण तुझी गाडी चालते किती आणि उभी राहते किती? इथे रांगेत वीस मिनिटं, मग चौकात, मग त्या पुढच्या चौकात.” दोन शाली, कानटोपी, पायांवर घोंगडी, आणि त्या सगळ्यातून नुसतं नाक बाहेर. “बंद केलंस तर काचांवर धुकं, चालू केलंस तर हिमालय. मी वैतागले गं.”

रोशनीनं गाडी न्यूट्रलला टाकून ॲक्सिलरेटर दाबला. लगेच वॉचमन काठी आपटत आला. “ओ मॅडम! इथं रेस नका करू, आत पेशंट हायेत!”

“मायाही गाडीत पेशंटच हाय ना भाऊ!”

“मंग तिले आत घ्या, नाईतं बाहेर न्या. मधी आवाज नको!”

यमुताई हसल्या होत्या, पण उतरताना त्यांचा हात बर्फासारखा लागला. म्हणाल्या, “गुरुवारपर्यंत बघ बाई काय होतं का. नाहीतर मुलाला फोन करते, तो पुण्याहून कुठली तरी मोठी गाडी लावून देईल. राग नको मानूस.”

राग कसला मानायचा! रोशनीनं घरी येऊन हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तीच चूक झाली. रात्रभरात धम्मानंदनं निकाल लावून टाकला होता, की गुरुवारी गाडी तो नेणार. रांगेत उभं असताना पाय हलकासा कसा ठेवायचा, वॉचमनला कळणारही नाही आणि इंजिनही झोपणार नाही, ही कला त्याला येते आणि तिला येत नाही.

“एका डोळ्यानं?” तिनं विचारलं होतं.

“पाय दोन्ही हायेत,” तो म्हणाला होता.

* * *

मंगळवारी दुपारी तिनं गाडी जितेंद्रकडे नेली. बेलतरोडीच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज. बत्तीस-तेहेतीस वर्षांचा, हसरा, कानामागे कायम एक स्क्रूड्रायव्हर खोचलेला.

“काकू, नागपुरात हीटर दुरुस्त कराले येणाऱ्या तुमी पह्यल्याच! लोकं मायाकडं एसीसाठी भांडतात.”

“हास, हास. तू सांग, पळताना गरम अन् उभी राह्यली का थंड, असं कोणतं भूत असते?”

“भूत नाई, हवा असते.” त्यानं बोनेट उघडलं. “पाहा, इंजिनचं गरम पाणी एका पाइपानं आत जाते, डॅशबोर्डच्या मांगं बारकं रेडिएटर हाय, त्याच्यातून फिरते अन् दुसऱ्या पाइपानं वापस येते. पंखा त्याच्यावरून हवा मारते, तोच तुमचा हीटर. आता इंजिन जोरात असलं का पंप जोरात ढकलते पाणी. बारीक चालीवर पंपात जीवच नाई राह्यत. मधी हवेचा बुडबुडा अटकला, का पाणी तिथंच थांबते.” त्यानं टाकीत डोकावून पाहिलं. “दोन बोटं कमी हाय. कूलंट भरता का पाणी?”

“पाणी.”

“नळाचं?”

“नाई तं काय फिल्टरचं?”

जितेंद्रनं कपाळाला हात लावला. मग इंजिन थंड होऊ दिलं, गाडीची पुढची चाकं फळ्यांवर चढवली, रेडिएटरचं झाकण काढलं, कूलंट ओतलं आणि इंजिन चालू करून दिलं. रोशनीला त्यानं तिथे पहारा ठेवायला सांगितलं. पाऊण तास ती उभी होती. हिरव्या पाण्यातून बुडबुडे येत होते, डबक्यात मासे असावेत तसे. मोठे, मग बारके, मग एकेक. शेवटचा बुडबुडा फुटल्यावर तिला कुणाची तरी अडकलेली उचकी थांबल्यासारखं वाटलं.

“पाहा आता,” जितेंद्र म्हणाला.

बारीक चालीवर हवा कोमट आली. गरम नव्हती, पण माठावरचीही नव्हती. रोशनी एवढी खूश झाली की गल्लीत शिरतानाच हॉर्न वाजवला.

धम्मानंद दारात उभा होता. ती अंगणात आली, दोन पावलांवर येऊन थांबली, तरी त्यानं विचारलं, “कोण हाय?”

“कोण असणार? मी!”

“ऊन डोळ्यावर येऊन राह्यलं होतं.” मग गाडीत हात घालून म्हणाला, “कोमट हाय.”

“थंड तं नाई ना!”

“चहा कोमट दिला तं पिते का कोणी?”

आणि बुधवारी सकाळी गाडी चालू करून, पाऊण तास फिरवून, अंगणात उभी केली, तर हवा थंड. सोमवारसारखीच. रोशनी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. पाणी भरलं, हवा काढली, बुडबुडे मोजले, आणि गाडी मात्र आपली तिथेच. तिच्या पायात खरंच काही खोट आहे की काय? बावीस वर्षं ज्यानं यंत्राशी संसार केला त्याच्या पायाला यंत्र ओळखत असेल, आणि खिचडीवाल्या बाईच्या पायाला ओळखत नसेल, असं तर नाही? असला विचार वेडा असतो हे तिला कळत होतं. तरी एकदा तिनं चप्पल काढून, अनवाणी पायानं, अगदी त्याच्यासारखा पाय ठेवून पाहिला. थंड.

पुन्हा जितेंद्र. या वेळी तो हसला नाही. त्यानं डॅशबोर्डच्या मागे जाणारे दोन्ही रबरी पाइप, इंजिन बारीक चालीवर असताना, हातानं चाचपले.

“काकू, हात लावा. हळू.”

एक पाइप पोळत होता. दुसरा कलेवरासारखा गार.

“जाणारा गरम, येणारा थंड. म्हणजे आतलं बारकं रेडिएटर चोक झालं. नळाच्या पाण्याचे खडे बसले असन. डॅशबोर्ड खोला लागते.”

“मंग खोल.”

“दोन दिवस लागतात.”

“उद्या सहाले निघाचं हाय मले!”

“मंग शुक्रवारी आणा.” त्यानं हात पुसले. “पण एक सांगू? काल हवा काढल्यावर थोडं गरम झालं होतं. पुरं चोक असतं तं तेवढंही झालं नसतं. मले बी समजून नाई राह्यलं पुरं.”

मेकॅनिकलाच समजत नाही म्हटल्यावर रोशनीनं बोनेट लावलं आणि गाडी वळवली. घरी येऊन तिनं सांगितलं, आणि धम्मानंद चहा घेता घेता ताडकन उभा राहिला. अर्धा चहा बशीत आणि अर्धा बशीच्या बाहेर.

“डॅशबोर्डले हात लावाचा नाई! एकदा खोलला का जन्मभर खडखड वाजते. गाडीची इज्जत असते.”

“अन् बाईची थंडी?”

“ती उद्या माया जिम्म्यावर.” त्यानं हात पुढे केला. “चावी दे.”

ती देणार नव्हती. पण गाडी त्याची, शिकवलं त्यानं, आणि दोन दिवस ती एकच गोष्ट सिद्ध करत होती, की तिला काहीच कळलेलं नाही. तिनं चावी दिली. त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली, वरून हात दाबला, आणि खुर्ची घेऊन अंगणात उन्हाला जाऊन बसला.

* * *

अकराला नळ आला. रोशनीनं हिरवा पाइप नळाला लावून दुसरं टोक मागच्या ड्रमात सोडलं. डोक्यात सगळा गोंधळ. उद्या पहाटे यमुताई दारात उभ्या असतील, आणि गाडीतून हा उतरेल, एका डोळ्याचा, कॉलर ताठ केलेला. काय म्हणतील त्या? आणि चौकात एखादी स्कूटर उजवीकडून घुसली तर? त्याच्या उजवीकडे तर भिंतच आहे. यमुताईंना फोन करून खरं सांगून टाकावं, की बाई, तुम्ही मोठ्याच गाडीतून जा. म्हणजे तो प्रश्नही सुटेल. पण मग यमुताईही हातच्या सुटतील.

ड्रमात पाणी टिपटिप पडत होतं. नळ तर पूर्ण सोडला होता. तिनं नळाकडे जाऊन पाहिलं. नळ गच्च भरून सुटलेला, पाइप तिथे फुगून टणक. ड्रमाकडे पाहिलं तर पाइप मऊ, रिकामा. ती गल्लीतल्या कुठल्याही बाईसारखी पाइपावर हात ठेवत चालत निघाली. अशा वेळी कुणाच्या तरी स्कूटरचं चाक निघतं, नाहीतर एखादी वीट.

निघाला खुर्चीचा पाय. खुर्चीत धम्मानंद.

“अहो! पाइपावर खुर्ची ठेवली तुमी!”

“मंग सांगाचं ना.”

“एवढा हिरवागार पाइप! दिसत नाई का?”

“दिसते मले सगळं.” तो उठला. रोशनीनं खुर्ची उचलली, आणि मागे ड्रमात पाण्याची धार धबधबा पडावी तशी वाजली.

ती मात्र खुर्ची हातात घेऊन तशीच उभी राहिली. इकडे भरलेलं, तिकडे रिकामं, आणि मधे खुर्ची. ना नळ खराब, ना ड्रम खराब. तिनं मान वळवून गाडीकडे पाहिलं. जितेंद्रनं पाइप हाताला लागला तिथेच चाचपला होता, डॅशबोर्डच्या तोंडाशी. चालत कोण गेलं होतं त्याच्यावरून?

“चावी द्या.”

“कायले?”

“पाहाले.”

“पाहून काय समजते वं तुले?” पण त्यानं चावी दिली. वर म्हणाला, “इंजिन चालू असताना पंख्यापासून हात दूर ठेव. अन् मी थोडा आत पडतो. डोकं दुखून राह्यलं.”

ओढणी कमरेला गच्च बांधून, पंधरा मिनिटं इंजिन तापवून, रोशनी बोनेटखाली वाकली. गार पाइप शोधला आणि त्याच्यावर बोटं ठेवून चालायला लागली. गार. थोडं खाली, गार. पाइप इंजिनच्या मागे वळत होता, तिथे दिसत नव्हतं, नुसती बोटं जात होती. गार. मग बोटांना एक गाठोडं लागलं. गुंडाळलेलं काही तरी. गाठोड्याच्या पलीकडे बोट टेकवलं, आणि झटकन मागे घेतलं. गरम.

इकडे थंड, तिकडे गरम, मधे गाठोडं.

तिनं इंजिन बंद केलं. तापलेलं निवायला वेळ लागला, पण मन थांबायला तयार नव्हतं. हातात जुनं फडकं गुंडाळून तिनं मोबाइलची बत्ती आत धरली. काळी चिकटपट्टी, तिच्याखाली कापड. कापड सोडलं आणि ओळखीचं निघालं. खाकी. काळीपिवळीवर असताना तो घालायचा त्या शर्टाची चिंधी. तिनंच तो शर्ट फाडून पुसणी केली होती.

कापडाच्या आत दोन लोखंडी पट्ट्यांचा चिमटा होता, दोन बोल्टांनी आवळलेला, आणि पट्ट्यांच्या मधे रबरी पाइप चिरडलेला.

म्हणजे हे होतं ते ‘उन्हाळ्याचं काम’! दरवर्षी चौदा एप्रिलच्या सकाळी, गल्लीत निळे झेंडे लागत असताना, धम्मानंद बोनेटमध्ये डोकं घालून अर्धा तास असायचा. आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवरून परत आलं, की पायही न धुता पुन्हा अर्धा तास, ते ‘हिवाळ्याचं काम’. काय करता, असं तिनं किती वेळा विचारलं होतं. “ड्रायव्हरचं काम हाय,” एवढंच. उन्हाळ्यात गरम पाण्याची वाट बंद केली की एसी थंडगार चालतो. सावनेरच्या लाइनीवरची ही जुनी युक्ती, मेकॅनिकलाही न सांगायची.

पण दसऱ्याला त्यानं हा चिमटा सोडला होता. तिला चांगलं आठवत होतं. चार वाजले होते, ऊन होतं. बोट कापून घेऊन आला होता, तिनं हळद दाबली होती, आणि तो म्हणाला होता, “झालं. आला तुयावाला हिवाळा.”

तिनं बत्ती अजून जवळ नेली. अलीकडचा बोल्ट सैल होता, चांगला चार फेरे मागे आलेला. पलीकडचा तसाच्या तसा आवळलेला. त्यावरचा गंजसुद्धा मोडलेला नव्हता. पाइप तिरका अर्धा बंद, अर्धा उघडा. जोरात ढकललं तर पाणी जाईल, हळू ढकललं तर थांबेल.

दहाचा पाना घेऊन तिनं पलीकडचा बोल्ट सोडला. चिमटा हातात आला. पाइप दाबून दाबून गोल केला, गाडी चालू केली, आणि ती आत जाऊन बसली.

आधी थंड. मग धुळीचा वास. मग कोमट. मग तिनं पाय पेडलवरून उचलला, दोन्ही पाय सीटवर घेतले, मांडी घालून बसली आणि शंभर आकडे मोजले. शंभराला हवा पोळत होती.

“अहो! या! लवकर या!”

धम्मानंद आला. तिनं त्याला ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसवलं, दार उघडंच ठेवलं. त्यानं जाळीपुढे हात धरला. चेहरा हळूहळू सैल झाला.

“गरम हाय.”

“हाय ना!”

“पाय काढ आता.”

“कोणाचा पाय? मी बाहेर उभी हाय.”

त्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. हसला, मनापासून हसला. “च्यामायले! कोणाचाच पाय नाई! जितेंद्र आला होता?”

“कोणी नाई आलं. मीच केलं.”

“तू? काय केलं?”

रोशनीनं त्याच्या तळहातावर चिमटा ठेवला. एवढा वेळ ती आनंदातच होती, दाखवायच्या घाईत होती. त्यानं मान खाली केली नाही. समोर काचेतून बघत राहिला आणि अंगठा पट्टीवरून फिरवला, मग एका बोल्टवरून, मग दुसऱ्या. हसू तिथेच राहिलं, ते फक्त थांबलं.

“हा तं मी दसऱ्याले सोडला होता.”

“एक बोल्ट सोडला होता.”

“दोन्ही.”

“एक.”

“दोन्ही सोडले होते मी! मायं बोट कापलं होतं, तूच हळद लावली होती!”

“लावली होती. पलीकडच्या बोल्टले पाना लागलाच नव्हता. गंज तसाच होता त्याच्यावर.”

“अंधार होता तवा.”

“चार वाजले होते.”

“मंग बोनेटची सावली असन.”

“असन,” रोशनी म्हणाली. आणि म्हणतानाच तिला सांडलेला चहा दिसला, हिरव्या पाइपावरची खुर्ची दिसली, दोन पावलांवरून आलेलं ‘कोण हाय’ ऐकू आलं. दोन दिवस जे काहीच जुळत नव्हतं ते एकदम जुळायला लागलं, आणि जुळू नये असं तिला वाटलं. कळत नव्हतं तेच बरं होतं.

“अहो,” ती हळू आवाजात म्हणाली, “मायाकडं पाहा बरं.”

“पाहून तं राह्यलो.”

तो तिच्या खांद्याच्या बाजूला, फाटकाकडे बघत होता.

“डावा कधीपासून?”

धम्मानंदनं चिमटा डॅशबोर्डवर ठेवायला हात पुढे केला. कडा थोडक्यात चुकली, चिमटा पायाशी पडला. तो वाकला नाही.

“दसऱ्याच्या आधीपासून का? अन् तुमी उद्या बाईले घेऊन जाणार होते? त्या चौकातून?”

तो गाडीतून उतरला. दारावर हात, मग बोनेटवर हात, मग भिंतीवर. इंजिन बारीक चालीवर फुरफुरत होतं आणि उघड्या दारातून गरम हवा अंगणात वाया जात होती. त्याचा पाय हिरव्या पाइपाला लागला. त्यानं तो उचलून सावकाश पलीकडे ठेवला.

“अहो, मी काही तरी विचारून राह्यली.”

त्यानं फाटकाची कडी चाचपली, ती दुसऱ्यांदा सापडली, आणि मागे न वळता तो गल्लीत निघून गेला.